यादीत नाव नाही, म्हणून मत नाही : अमेरिकेतल्या मतदार नोंदणीतला वंशभेद आणि त्याविरुद्धचे खटले (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि मुलं-सुना अमेरिकेत असलेले वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांचा भर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांवर आणि तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर आहे, कारण ही लढाई मुख्यतः तिथेच झाली.

मतदानाचा हक्क वेगळा आणि नोंदणी वेगळी असं का म्हणता? हक्क असला की नाव यादीत येणारच ना?

आपल्याला तसं वाटतं, कारण आपल्याकडे यादी करणं ही निवडणूक आयोगाची जबाबदारी आहे. बीएलओ दारात येतात, नाव राहिलं तर सहा नंबरचा फॉर्म भरून मागे लागता येतं. अमेरिकेत परंपरेने ही जबाबदारी नागरिकाची. त्याने काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कचेरीत जायचं, अर्ज करायचा आणि तिथल्या रजिस्ट्रारला तो पटला तर नाव चढणार. नियम राज्याचे आणि अंमलबजावणी स्थानिक माणसाच्या हाती. (नॉर्थ डकोटा हे एकच राज्य असं की जिथे नोंदणीची भानगडच नाही.)

त्यामुळे मतदानाच्या दिवशी केंद्रावर कुणाला अडवायची गरजच पडत नाही. वर्षभर आधी, गाजावाजा न होता, काउंटरवर अर्ज नामंजूर केला की काम झालं.

पंधरावी घटनादुरुस्ती १८७० ची. वंश किंवा वर्णावरून मताधिकार नाकारायचा नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत काय चाललं होतं?

सुरुवात चांगली झाली होती. यादवी युद्धानंतर लष्कराच्या देखरेखीखाली दक्षिणेत नोंदणी झाली, लाखो कृष्णवर्णीय पुरुषांची नावं यादीत आली, आणि १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय नेते सिनेटवर गेले. पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रीस’ खटल्यात अंमलबजावणीच्या कायद्याची महत्त्वाची कलमं रद्द केली, १८७७ मध्ये उरलंसुरलं सैन्यही मागे घेतलं गेलं आणि पुढे राज्यांना रान मोकळं मिळालं.

मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना केली. तिच्या मागोमाग साउथ कॅरोलिना, लुइझियाना, नॉर्थ कॅरोलिना (तिथे घटनादुरुस्तीने), अलाबामा, व्हर्जिनिया. या घटनांमध्ये ‘कृष्णवर्णीयांनी मत देऊ नये’ असं वाक्य शोधून सापडणार नाही. साक्षरता हवी, कर भरलेला हवा, चारित्र्य चांगलं हवं, एवढंच. परिणाम बघा : लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १८९८ च्या नव्या घटनेनंतर, १९०० मध्ये, उरले ५,३२०.

१८९८ मध्येच ‘विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी’ खटल्यात ही युक्ती सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. कायद्याच्या शब्दांत भेदभाव दिसत नाही, आणि अंमलात तो होतो हे दाखवून दिलेलं नाही, असं म्हणून न्यायालयाने हात झटकले.

कायद्यात वर्णाचा उल्लेखच नाही, तर भेदभाव नेमका व्हायचा कुठे?

काउंटरवर. सगळं प्रकरण समजायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, म्हणून इथे जरा सविस्तर.

लुइझियानाच्या अर्जात वय लिहायचं ते वर्षं, महिने आणि दिवस असं हिशोब करून. एका दिवसाची चूक झाली तरी अर्ज बाद करता यायचा. गोरा अर्जदार चुकला तर कारकून शेजारी बसून दुरुस्त करून द्यायचा, कृष्णवर्णीय चुकला तर कुठे चुकलं तेही सांगायचं नाही. शिवाय घटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायची परीक्षा. कलम कोणतं द्यायचं आणि उत्तर बरोबर की चूक, दोन्ही ठरवणार रजिस्ट्रार. लुइझियानाच्या खटल्यातला एक अर्ज पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राच्या तळटीपेत गेला : एका गोऱ्या अर्जदाराने उत्तर म्हणून ‘फ्रडम फूफ स्पेट्घ’ असं काहीतरी खरडलं होतं, म्हणजे त्याला ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ म्हणायचं असावं, आणि तो पास झाला.

मिसिसिपीच्या घटनेत २८५ कलमं. त्यातलं सोपं कुणाला आणि करविषयक किचकट कुणाला, हे वेगळं सांगायला नको. १९५५ पासून ‘नागरिकाची कर्तव्यं’ यावर चार ओळी लिहायची भर पडली, १९६० मध्ये ‘सच्चारित्र्या’ची अट आली आणि १९६२ मध्ये अर्जदारांची नावं स्थानिक वर्तमानपत्रात छापायचा नियम आला. त्या नियमाचा उपयोग कुणाला व्हायचा हे पुढे येईलच.

अलाबामाच्या सेल्मा गावात नोंदणी कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची. अर्जदाराला ओळखणारा, आधीच नोंदणी झालेला एक साक्षीदारही लागायचा. गोरे लोक कृष्णवर्णीयासाठी साक्ष द्यायला येत नसत आणि नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मुळातच मोजके.

पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरावा लागणारा डोईकर, तर होताच. मिसिसिपीत वर्षाला दोन डॉलर. रक्कम आज किरकोळ वाटते, पण निवडणुकीआधीची दोन वर्षं तो वेळेत भरलेला हवा आणि पावत्या जपलेल्या हव्यात. शेतमजुराच्या घरात हे जमायचं कसं?

याविरुद्धचा पहिला मोठा खटला कोणता?

‘जाइल्स विरुद्ध हॅरिस’, १९०३. पाठ्यपुस्तकांत याला दोन ओळीही मिळत नाहीत, आणि माझ्या मते ती मोठी चूक आहे.

जॅक्सन जाइल्स हे अलाबामातल्या माँटगोमरीचे. कितीतरी वर्षं मत देत आलेले. १९०१ च्या नव्या घटनेनंतर त्यांचं नाव घ्यायला रजिस्ट्रारांनी नकार दिला. त्या घटनेत चलाखी अशी होती की १ जानेवारी १९०३ पूर्वी ज्याचं नाव चढलं तो जन्मभर मतदार राहणार आणि त्यानंतर येणाऱ्यांना कडक परीक्षा. म्हणजे गोऱ्यांना आधी आत घ्यायचं आणि मग दार ओढून घ्यायचं. जाइल्स यांनी काउंटीतल्या पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या वतीने दाद मागितली. खटल्याचा खर्च त्या काळचे मोठे कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी गुपचूप उचलला होता. उघडपणे ते समझोत्याची भाषा बोलत आणि आडून वकिलाला पैसे पाठवत.

न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. एक, सगळी नोंदणीच लबाडीची आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर त्याच लबाडीच्या यादीत आणखी एक नाव घालून न्यायालय ती शुद्ध कशी करणार? दोन, राज्यातल्या गोऱ्या बहुसंख्यांचीच कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवायची इच्छा असेल, तर कागदावर नाव घालून काही साधणार नाही. एवढ्या मोठ्या राजकीय अन्यायावर इलाज राज्याच्या जनतेने किंवा केंद्राच्या राजकीय यंत्रणेने करायचा.

म्हणजे ज्यांचं मत काढून घेतलं त्यांनी मताच्या जोरावर न्याय मिळवावा! न्यायमूर्ती हार्लन, ब्रूअर आणि ब्राउन यांनी विरोधी मत दिलं. जाइल्स यांनी दुसऱ्या मार्गाने पुन्हा खटला नेला, १९०४ मध्ये तोही गेला.

मग जिंकलेला पहिला खटला कोणता?

‘गिन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’, जून १९१५. ओक्लाहोमाने साक्षरतेची अट घातली, पण १ जानेवारी १८६६ ला किंवा त्याआधी जो मतदार होता त्याला आणि त्याच्या वंशजांना त्यातून सूट दिली. यालाच ‘ग्रँडफादर क्लॉज’ म्हणतात. गुलामाच्या नातवाचे आजोबा १८६६ मध्ये मतदार असणं अशक्य, तेव्हा तारीखच सगळं बोलते. न्यायालयाने ते कलम एकमताने रद्द केलं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट स्वतः लुइझियानाचे आणि तरुणपणी कॉन्फेडरेट (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूच्या दक्षिणी राज्यांच्या) सैन्यात लढलेले. नुकत्याच स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात म्हणणं मांडलेला हा पहिला खटला. योगायोग म्हणजे तेव्हा डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

आता पुढचं ऐका. ओक्लाहोमाने लगेच १९१६ मध्ये नवा कायदा केला. १९१४ च्या निवडणुकीत ज्यांनी मत दिलं होतं (म्हणजे रद्द झालेल्या कलमाच्या कृपेने ज्यांना देता आलं होतं) त्यांची नावं आपोआप कायम. बाकीच्यांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नोंदणी करायची, नाहीतर कायमचं नाव गेलं. हा कायदा रद्द व्हायला १९३९ उजाडलं, ‘लेन विरुद्ध विल्सन’. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यात म्हटलं की घटनादुरुस्ती ढोबळ भेदभावासारखाच चतुराईने केलेला भेदभावही रद्द करते. वाक्य छान आहे. पण त्या वाक्यापर्यंत पोचायला तेवीस वर्षं गेली आणि तोवर एक पिढी यादीबाहेरच राहिली.

‘व्हाइट प्रायमरी’ हा याचाच भाग का?

जवळचा नातेवाईक. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार निवडून यायचा, त्यामुळे खरी निवडणूक म्हणजे पक्षांतर्गत प्रायमरी. टेक्सासमध्ये ती फक्त गोऱ्यांसाठी होती. चार वेळा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९४४ मध्ये ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’मध्ये ती पद्धत मोडली. वादी ह्यूस्टनचे एक दंतवैद्य, वकिलांत एनएएसीपीचे थरगुड मार्शल. त्यानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांची नोंदणी वाढू लागली आणि लगोलग अडथळेही. अलाबामाने १९४६ मध्ये ‘घटना समजावून सांगा’ अशी अट घालणारी बॉसवेल दुरुस्ती केली.

साक्षरता चाचणीच घटनाबाह्य का ठरवली नाही? मूळच कापलं असतं.

बॉसवेल दुरुस्ती १९४९ मध्ये ‘डेव्हिस विरुद्ध श्नेल’ खटल्यात रद्द झाली, कारण ‘समजावून सांगा’ याला काही मापच नव्हतं आणि तिच्यामागचा हेतू प्रचारातच बोलून दाखवला गेला होता. पण साधी, सगळ्यांना सारखी लावलेली वाचन-लेखन चाचणी? ती १९५९ मध्ये ‘लॅसिटर’ खटल्यात एकमताने वैध ठरली. मत देणाऱ्याला वाचता यावं ही अपेक्षा तत्त्वतः गैर नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

तत्त्व म्हणून ते पटण्यासारखं वाटतं, मलाही विद्यार्थिदशेत वाटायचं. अडचण अशी की ज्या राज्यांनी शतकभर कृष्णवर्णीय मुलांना धड शाळा दिल्या नाहीत, तीच राज्यं वाचायची परीक्षा घेत होती. लॅसिटरने दार बंद केल्यावर एकच वाट उरली : चाचणीला हात न लावता, या काउंटीतल्या या रजिस्ट्रारने ती भेदभावाने वापरली हे प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं सिद्ध करायचं.

ते सिद्ध कसं करायचे?

१९५७ च्या नागरी हक्क कायद्याने केंद्राच्या ॲटर्नी जनरलला असे खटले स्वतः भरायचा अधिकार दिला. तोवर ओझं एकट्यादुकट्या नागरिकावर होतं. १९६० च्या कायद्याने नोंदणीचे कागद बावीस महिने जपणं बंधनकारक केलं आणि सरकारी वकिलांना ते तपासायची मुभा दिली. मग न्याय खात्याचे वकील (जॉन डोर हे त्यातलं सर्वांत माहितीचं नाव) काउंटीकाउंटीत जाऊन अर्जांचे गठ्ठे उपसू लागले. गोऱ्यांचे मंजूर अर्ज आणि कृष्णवर्णीयांचे नामंजूर अर्ज शेजारी शेजारी मांडायचे, हाच मुख्य पुरावा.

लुइझियानाच्या वॉशिंग्टन पॅरिशमध्ये (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) गोऱ्यांच्या सिटिझन्स काउन्सिलवाल्यांनी जुने अर्ज उकरून, स्पेलिंगच्या चुका दाखवून कृष्णवर्णीयांची नावं सरसकट काढून टाकली होती. गोऱ्यांच्या अर्जांतही त्याच चुका होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. न्यायालयाने १९६० मध्ये १,३७७ नावं परत घालायला लावली.

अलाबामाच्या मेकन काउंटीत आणखी मजा. खटला उभा राहताच रजिस्ट्रारांनी राजीनामे दिले. आता प्रतिवादीच नाही तर हुकूम कुणावर काढणार? अखेर थेट राज्यालाच प्रतिवादी करता येईल अशी तरतूद १९६० च्या कायद्यात करावी लागली.

मिसिसिपीच्या फॉरेस्ट काउंटीत थेरॉन लिंड नावाचा रजिस्ट्रार होता. पदावर आल्यावर पहिली दोन वर्षं त्याने एकाही कृष्णवर्णीयाची नोंदणी केली नाही. गोऱ्यांचे अर्ज कचेरीतल्या कारकून बायका घेत. कृष्णवर्णीय आला की ‘साहेब असतील तेव्हा या’. केंद्राने १९६१ मध्ये खटला भरला. खालचे न्यायाधीश हॅरॉल्ड कॉक्स मनाई हुकूम देईनात, म्हणून पाचव्या सर्किटच्या (दक्षिणेतल्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने तो स्वतः दिला. लिंडने तोही पाळला नाही आणि १९६३ मध्ये त्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं गेलं. या कॉक्स महाशयांनी १९६४ मध्ये भर न्यायालयात कृष्णवर्णीय अर्जदारांना चिंपांझी म्हटलं होतं. न्याय मागायचा तो अशांपुढे.

याच खटल्यांतून एक उपयुक्त तत्त्व मात्र निघालं. आजवर गोऱ्यांना ढिल्या मापाने घेतलं असेल तर उद्यापासून सगळ्यांना कडक माप लावून चालणार नाही. जुनंच ढिलं माप कृष्णवर्णीयांनाही काही काळ लावलं पाहिजे. जाइल्सच्या वेळी अलाबामाने जी चलाखी केली होती, तिच्यावरचं हे उत्तर होतं. साठ वर्षं उशिरा आलेलं.

एवढे खटले जिंकले, तर मग १९६५ च्या कायद्याची गरज काय होती?

आकडे बघा. हे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनीच १९६६ च्या एका निकालपत्रात दिलेले आहेत. अलाबामात कृष्णवर्णीयांची नोंदणी १९५८ ते १९६४ या काळात १४.२ टक्क्यांवरून १९.४ वर गेली. मिसिसिपीत १९५४ ते १९६४ या दहा वर्षांत ४.४ वरून ६.४. आणि लुइझियानात, एवढ्या खटल्यांनंतर, १९५६ ते १९६५ मध्ये ३१.७ वरून ३१.८!

एक खटला तयार करायला कधीकधी सहा हजार मनुष्यतास लागत, तेही केवळ रेकॉर्ड चाळण्यात. निकाल एका काउंटीपुरता. एक चाचणी बंद पाडली की दुसरी तयार. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे, तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. खटला सुरू झाला १९६१ मध्ये, तेव्हा यादीत १५६. चार वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्यावर ३८३.

७ मार्च १९६५ ला सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी तुडवलं ते याच पार्श्वभूमीवर. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना आणि मिसिसिपीविरुद्धचे दोन खटले केंद्राच्या बाजूने निकालात काढले. कायद्याच्या दृष्टीने ते मोठे निकाल, पण त्या आठवड्यात त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

अर्ज करणाऱ्याला फक्त नकारच मिळायचा, की आणखी काही?

मिसिसिपीच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर यांचंच उदाहरण घ्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्यांच्यासह अठरा जण बसने इंडियानोलाच्या कोर्टात नोंदणीला गेले. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग चुकीचा आहे म्हणून चालकावर गुन्हा लावला. हेमर ज्या मळ्यावर अठरा वर्षं कामाला होत्या, तिथल्या मालकाने त्याच संध्याकाळी बजावलं : अर्ज मागे घे, नाहीतर निघ. त्या निघाल्या. पुढे १९६६ मध्ये त्यांच्याच खटल्यात पाचव्या सर्किटने सनफ्लॉवर गावाची अख्खी निवडणूक रद्द केली, कारण कृष्णवर्णीयांना वेळेत नोंदणी करू दिली नव्हती.

सगळ्यांचं एवढ्यावर निभावलं नाही. मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गचे व्हर्नन डामर आपल्या दुकानात लोकांचा पोल टॅक्स भरून घेतो असं म्हणाले आणि जानेवारी १९६६ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेच्या लोकांनी त्यांचं घर पेटवलं. त्यात ते गेले. अर्जदारांची नावं वर्तमानपत्रात का छापायची, ते आता लक्षात येईल.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने वेगळं काय केलं?

पुराव्याचं ओझं फिरवलं. बाकी सगळं त्यातून आलं.

जिथे १ नोव्हेंबर १९६४ ला अशी चाचणी होती आणि निम्म्यापेक्षा कमी लोकांची नोंदणी किंवा मतदान झालं होतं, तिथे चाचण्या थेट बंद. कुणा रजिस्ट्रारचा हेतू सिद्ध करत बसायला नको. स्थानिक अधिकारी ऐकत नसेल तर केंद्राचे परीक्षक जाऊन नावं नोंदवणार. आणि पाचवं कलम : या राज्यांना मतदानाचा कोणताही नियम बदलायचा तर आधी न्याय खात्याची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची मंजुरी घ्यायची, बदलाने भेदभाव होत नाही हे राज्यानेच दाखवायचं. ओक्लाहोमाने १९१६ मध्ये केलेला खेळ या कलमाखाली पहिल्याच दिवशी अडकला असता.

कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली आणि काही दिवसांत परीक्षक दक्षिणेत हजर झाले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी दोन वर्षांत ६.७ वरून ५९.८ टक्क्यांवर गेली.

राज्यांनी याला आव्हान दिलंच असेल?

दिलं. साउथ कॅरोलिनाने तातडीने दिलं आणि ७ मार्च १९६६ ला, म्हणजे पुलावरच्या त्या दिवसाला बरोबर वर्ष झालं तेव्हा, ते हरले. वर दिलेले आकडे त्याच निकालातले. त्याच महिन्यात ‘हार्पर’ खटल्यात व्हर्जिनियाचा दीड डॉलरचा पोल टॅक्स गेला आणि राज्यपातळीवरच्या निवडणुकांतूनही हा कर संपला. केंद्रातल्या निवडणुकांपुरता तो १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीनेच गेला होता.

हे फक्त कृष्णवर्णीयांबाबतच घडलं का?

नाही. मूलनिवासींना १९२४ मध्ये नागरिकत्व मिळालं, पण ॲरिझोना त्यांना ‘पालकत्वाखालची माणसं’ म्हणून नोंदणी नाकारत होतं. १९४८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडलं. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोत मिगेल ट्रुहियो यांनी असाच खटला जिंकला. शिक्षक, दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात असलेला माणूस, आणि मत द्यायला लायक नाही!

भारतीयांना तर नागरिकत्वाच्याच उंबरठ्यावर अडवलं होतं. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असं ठरलं. मत फार पुढची गोष्ट. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित. त्यांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घ्यायचा प्रयत्न झाला, पण इतकी वर्षं त्यावर विसंबून मी आयुष्य उभं केलं असा युक्तिवाद करून त्यांनी ते १९२६ मध्ये अपिलात राखलं. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता १९४६ च्या कायद्याने उघडला.

आपल्या राज्यघटनेत याबद्दल काय आहे?

अनुच्छेद ३२५ : प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कुणालाही त्यातून वगळायचं नाही. ३२६ मध्ये प्रौढ मताधिकार. इंग्रजी अमदानीत शिक्षण आणि मालमत्तेच्या अटी होत्याच. त्या पायरीपायरीने सैल करण्याऐवजी एकदम काढल्या गेल्या. अमेरिकेची पंधरावी दुरुस्ती मताधिकाराबद्दल बोलते, आपली तरतूद थेट यादीबद्दल बोलते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

शेल्बी काउंटी निकालाने काय बदललं?

२५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना पूर्वमंजुरी लागेल हे ठरवणारं सूत्र रद्द केलं. सूत्र जुन्या आकड्यांवर बेतलेलं आहे, परिस्थिती बदलली आहे, असं त्यांचं म्हणणं. पाचवं कलम कागदावर राहिलं, पण ते लागू होईल असं कुणी उरलं नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात म्हटलं की आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं हे आहे.

व्यवहारात ओझं पुन्हा तक्रारदारावर आलं : आधी नियम लागू होणार, मग खटला, मग पुरावा. नॉर्थ कॅरोलिनाने दोन महिन्यांच्या आत मतदानाच्या वेळीच नोंदणी करायची सोय आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची आगाऊ नोंदणी बंद करणारा कायदा केला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द करताना म्हटलं की कृष्णवर्णीय मतदारांवर जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकपणे नेम धरलेला आहे. मधल्या तीन वर्षांत निवडणुका होऊन गेल्या होत्या.

वंशभेदाचा हेतू सिद्ध करणं एवढं अवघड का?

आता कुणी बोलून दाखवत नाही म्हणून. १९०१ मध्ये अलाबामाच्या घटना परिषदेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी राज्यात गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करायचं आहे असं उद्घाटनाच्याच भाषणात सांगितलं होतं. त्याच भाषणाच्या आधारे १९८५ मध्ये ‘हंटर विरुद्ध अंडरवुड’ खटल्यात, किरकोळ गुन्ह्यांवरून नाव काढणारं त्या घटनेतलं कलम एकमताने रद्द झालं. असं भाषण आज कोणता वकील आपल्या अशिलाला करू देईल?

मग सध्या कशा प्रकारचे खटले होतात?

बरेचसे वंशाच्या मुद्द्यावर न लढता १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याखाली लढले जातात, कारण तिथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. ॲरिझोनाने केंद्राच्या नोंदणी अर्जासोबत नागरिकत्वाचा कागद मागितला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मागता येणार नाही असं ठरवलं. उलट ओहायोची, बरीच वर्षं मत न दिलेल्यांची नावं काढायची पद्धत २०१८ मध्ये पाच-चारने टिकली.

जॉर्जियात अर्जावरचं नाव सरकारी नोंदीशी अक्षरशः जुळलं पाहिजे असा नियम होता. २०१८ च्या निवडणुकीआधी सुमारे ५३,००० अर्ज त्यात अडकले होते आणि त्यातले सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीयांचे होते. त्याविरुद्धचा मोठा खटला २०२२ मध्ये वादी हरले. आकडे बोलके असणं आणि खटला जिंकणं यात केवढं अंतर असू शकतं, ते इथे दिसतं.

मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आहे, जावयाचं ग्रीन कार्ड आहे. त्यांनी काय सांभाळावं?

जावयांनी नोंदणी करायचीच नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीत १९९३ च्या कायद्यामुळे नोंदणीचाही प्रश्न विचारला जातो. तिथे घाईत खूण केली तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, या प्रश्नापाशी अडचण होते.

मुलीने मात्र नाव आहे ना हे निवडणुकीच्या काही महिने आधीच काउंटीच्या निवडणूक कचेरीत किंवा राज्याच्या संकेतस्थळावर बघावं. नव्याने नागरिक झालेल्यांना याची गरज जास्त. टेक्सासने जानेवारी २०१९ मध्ये लायसन्सच्या जुन्या नोंदींवरून सुमारे ९५,००० मतदारांच्या नागरिकत्वावर शंका घेतली. लायसन्स काढताना जे नागरिक नव्हते पण नंतर रीतसर झाले, असे कितीतरी लोक त्यात होते. खटले झाले आणि एप्रिलमध्ये राज्याने ती यादी मागे घेतली. केंद्राच्या निवडणुकीआधीच्या नव्वद दिवसांत अशी सरसकट छाटणी करायला मनाई आहे. तरीही मतदानाच्या दिवशी नाव सापडलं नाही तर परत फिरू नये, २००२ च्या कायद्याप्रमाणे तात्पुरती मतपत्रिका मागावी आणि ती मोजली गेली का, हे नंतर त्याच कचेरीत विचारावं. काउंटीकडून पत्ता किंवा नागरिकत्व पडताळणीचं पत्र आलं तर ते जाहिरातींच्या टपालात टाकून देऊ नये. उत्तराला मुदत असते.